रिकामी गाडी

सकाळी जैनुद्दीन शिकलगार गाडीतून खाली उतरला आणि त्याला पहिल्यांदा दिसले ते पायांचे ठसे. तारळी नदीच्या काठच्या ओल्या रेतीत ते गाडीभोवती फिरले होते. दोन माणसं अनवाणी होती, तिसऱ्याच्या पायात नाल मारलेल्या वहाणा. मागच्या दाराशी ती थांबली होती, बॉनेटशी थांबली होती, आणि पुढच्या चाकाजवळ कुणीतरी बराच वेळ उकिडवं बसलं होतं. तिथं विडीची तीन थोटकं पडली होती.

त्यानं सगळं तपासलं. बाहेर टांगलेली बादली जागेवर होती. पाण्याचं पिंप, हवा भरायचा पंप, सगळं होतं तिथंच होतं. काही गेलं असतं तर त्याला हायसं वाटलं असतं. चोर काहीतरी नेतो आणि जातो. हे लोक नुसते बघून गेले होते.

१९४६ सालचा फाल्गुन होता. जैनुद्दीन छत्तिशीचा, सांगलीचा मोटार-मिस्त्री. लढाईत चार वर्षं त्यानं ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जखमी शिपाई वाहणारी लष्कराची गाडी चालवली होती. सुटून आल्यावर तसलीच एक मोडकी गाडी त्यानं लष्करी लिलावात घेतली आणि तीन महिने खपून चालती केली. मागच्या खणात जखमींना निजवायच्या चार फळ्या होत्या. त्यातल्या तीन त्यानं काढून टाकल्या, एकीवर गादी घातली. स्टोव्ह ठेवला, कपड्यांना दोरी बांधली, खिडकीला बायकोच्या, खातूनबीच्या, जुन्या लुगड्याचा पडदा लावला. दोन्ही बाजूंची दवाखान्याची तांबडी फुली हिरव्या रंगानं झाकली. पण ऊन तिरपं पडलं की रंगाखालून ती दिसायचीच.

मग एक दिवस तो खातूनबीला म्हणाला, की मी जरा महाबळेश्वराकडं फिरून येतो. कशाला, असं तिनं विचारलं. असंच, म्हणाला. तिनं आणखी काही विचारलं नाही, पण तिला ते पटलं नाही हे त्याला दिसलं होतं.

त्याला आता सतरा दिवस झाले होते. आणि या सतरा दिवसांत 'असंच' हा शब्द कुणीच घेतला नव्हता. महाबळेश्वरात एका बंगल्याच्या रखवालदारानं त्याला दोनदा हाकललं. वाईच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी पोरांना जवळ ओढून घेतलं. त्यांना वाटलं, देवीची लस टोचणारा आला. साताऱ्यात पोलिसानं गादी उचलून खाली बघितलं. तिथल्याच एका चहावाल्यानं, पुष्कळ विचारूनही काही कळेना तेव्हा, आपणहून बजावलं होतं, "जपून जावा. वाटंत माणूस आजारी हाय म्हणून गाडी थांबवत्यात आन् लुटत्यात. दोन मोटारी लुटल्या ह्या म्हयन्यात."

आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत घरी पोचतो असं कार्ड त्यानं साताऱ्याहून टाकलं होतं. गाडी नदीवर धुवायची आणि निघायचं, एवढ्यासाठी तो काल इथं, उंब्रजच्या अलीकडं, एका वाडीखाली थांबला होता.

बादली भरून तो वळला तेव्हा तिघं जण वरच्या पायवाटेनं उतरत होते. पुढचा साठीचा, पांढरा पटका, हातात काठी. त्याच्या वहाणांना नाल होते.

"रामराम," म्हातारा म्हणाला. "मी नानासो. ह्या वाडीचा. तुमी कुठलं म्हणायचं?"

"सांगलीचा. जैनुद्दीन शिकलगार. खणभागात ऱ्हातो."

"हिकडं कुणाकडं आला हुता?"

"कुणाकडं न्हाई. फिरायला आलो हुतो. आज घरी चाललोय."

"फिरायला," नानासो म्हणाला. त्यानं मागच्या दोघांकडं बघितलं. "पेट्रोल मिळत न्हाई म्हणून सर्व्हिस मोटारी सगळ्या कोळशावर चालल्यात. तुमची पेट्रोलवर चालती. पेट्रोल कोण देतंय?"

"कूपनं साठवली हुती. सा म्हयन्यांची."

"सा म्हयने कूपनं साठवायची, आन् फिरायला जायचं." म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता. तो गाडीच्या बाजूवरून हळूच हात फिरवत होता, जिथं हिरव्या रंगाखाली फुली होती. "गेल्या साली आमच्याकडं एक घोंगडीवाला आला हुता. लय गोड माणूस. चार दिवस ऱ्हायला, पोरांची नावं इचारली, कोण कुठं निजतंय ते बघितलं. पाचव्या दिशी पोलीस आलं. आमची सात माणसं अजून येरवड्याला हायत."

साताऱ्याच्या गावागावांत तेव्हा माणसं भूमिगत होती आणि तितक्याच गावांत खबरे होते, हे त्याला ठाऊक होतं. आपण खबऱ्या नाही, हे सांगायची काही रीत मात्र त्याला ठाऊक नव्हती.

"सांगलीला जाताय न्हवं?" नानासो म्हणाला. "मग आमच्या केरबाला घिऊन जावा. त्येचं मिरजंला काम हाय."

केरबा म्हणजे मागच्या दोघांतला आडव्या अंगाचा माणूस. चाळिशीचा असेल. पैलवानी मान, कान चुरगळलेले. काखेत फाटक्या धडप्यात बांधलेलं एक बोचकं. काम काय आहे ते कुणी सांगितलं नाही, आणि जैनुद्दीननं विचारलंही नाही. नाही म्हणावं तर संशय वाढणार. हो म्हणावं तर हा माणूस दिवसभर शेजारी. गाडी न धुताच त्यानं बादली आत ठेवली आणि हँडल मारलं.

गाडी सडकेला लागली. केरबानं बोचकं मांडीवर घेतलं होतं आणि त्यावर उजवा हात ठेवला होता. गाडी खड्ड्यात आदळली की त्याचा डावा हात दांड्याला जायचा, उजवा मात्र हलायचा नाही. बोचक्यात भाकरी असती तर कुणी असं धरलं नसतं. जैनुद्दीननं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. कापडाखाली काहीतरी वाकडं आणि टणक होतं. पिस्तूल असावं असं त्याला वाटलं.

"कऱ्हाडात थांबाय लागंल," तो म्हणाला. "पेट्रोल घ्यायचं हाय."

"कुठं?"

"पंपावर."

"पंपाच्या शेजारी पोलीस ठाणं हाय," केरबा म्हणाला.

"हाय खरं. त्याला मी काय करू? पंप मी बांधला न्हाई."

केरबा हसला नाही. त्याचा हात धडप्याच्या घडीत शिरला आणि तिथंच राहिला.

पंपावर एक हवालदार ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. अनोळखी गाडी दिसली तसा तो उठला. जैनुद्दीनची लष्करातून सुटल्याची कागदपत्रं त्यानं उलटी-सुलटी केली, गाडीचा नंबर तोंडानं पुटपुटला, आणि खिडकीशी येऊन केरबाकडं बघत राहिला.

"हे कोण?"

त्या क्षणी जैनुद्दीनला एवढंच म्हणायचं होतं की मला ठाऊक नाही. तो शब्द जिभेवर आला होता. हवालदाराची बंदूक भिंतीला टेकून ठेवलेली होती, पंधरा पावलांवर. आणि केरबाचा हात हातभर अंतरावर.

"पावनं हायत," तो म्हणाला. "मिरजंला चाललेत."

"नाव?"

"केरबा," केरबाच म्हणाला. "साल्याच्या घरी चाललोय. बारसं हाय."

हवालदार बाजूला झाला. कराड मागं पडेपर्यंत जैनुद्दीननं गाडी दुसऱ्या गिअरमधून काढली नाही. त्यानं केरबाला वाचवलं नव्हतं. तो भ्याला होता, एवढंच. पण केरबा आता त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघत होता, आणि ती नजर निवळलेली नव्हती, उलट जास्तच बारीक झाली होती.

"का सांगितलं न्हाईस?" केरबानं विचारलं.

"काय सांगायचं हुतं?"

"मला वळखत न्हाईस म्हणून. साधा माणूस आसता तर बोलला आसता. तू पोलिसाशी खोटं बोललास, सरळ तोंडानं. तुला सवय दिसती."

जैनुद्दीनला हसू आलं आणि रागही आला. खरं बोललो तर खोटा, खोटं बोललो तर पक्का खोटा. पेठ नाक्याला त्यांनी चहा घेतला. दोघांनीही एकमेकांना पाठ न दाखवता घेतला. इस्लामपूरच्या वाटेला लागल्यावर, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मध्ये पांढरी धूळ, केरबानं पुन्हा तेच काढलं.

"खरं सांग. कशापायी फिरत हुतास?"

जैनुद्दीननं पुढची एक बैलगाडी मागं टाकली.

"चार वर्सं म्या गाडी चालवली," तो म्हणाला. "एकदाबी रिकामी न्हवती. जाताना औषधं, येताना माणसं. चार फळ्यांवर चार. डोंगराचा रस्ता, एका अंगाला दरी. मागनं सारख्या हाका. कुणी पाणी मागायचं, कुणी आईला बोलवायचं. कुणी माझं नाव घिऊन वरडायचं, कारण त्यास्नी दुसरं नावच ठावं नसायचं. थांबायचं न्हाई, वळून बघायचं न्हाई, असा हुकूम. आन् हाका बंद झाल्या की जास्त भ्या वाटायचं." त्यानं गिअर बदलला. "मला येकडाव गाडी रिकामी न्यायची हुती. मागं कोण न्हाई. कुठं जा म्हणून सांगणारं कोण न्हाई. वाटलं तिथं थांबायचं. एवढंच."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, खातूनबीलासुद्धा नाही. बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपल्यालाही हे आत्ताच समजलंय.

केरबानं मागच्या रिकाम्या खणाकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "असल्या कामाला कोण पेट्रोल जाळंल?" पण हे तो जरा सावकाश म्हणाला.

आष्टा चार-पाच मैलांवर राहिलं असेल. दुपार कलली होती. उसाच्या मळ्यांमधून गुऱ्हाळांचा धूर वर चढत होता आणि सगळ्या वाटेला उकळत्या रसाचा वास होता. एका वळणापुढं जैनुद्दीनला रस्त्यावर माणसं दिसली. तिघं पुरुष, हात वर करून उभे. बांधावर बाभळीच्या सावलीला एक बाई बसवलेली, तिच्या अंगावर घोंगडी टाकलेली. तिघांतला एक जण रस्त्याच्या मधोमध आला आणि पटका हालवायला लागला.

साताऱ्याच्या चहावाल्याचं बोलणं जैनुद्दीनला शब्दनशब्द आठवलं. त्यानं केरबाकडं बघितलं. केरबा पुढं वाकला होता, आणि त्याचा हात बोचक्याच्या आत मनगटापर्यंत गेला होता.

म्हणजे जागा हीच, जैनुद्दीनच्या मनात आलं. सकाळपासून हा याचीच वाट बघत होता. बारसं नाही, मिरज नाही. गाडी हवी होती यांना.

त्यानं पाय दाबला. मधला माणूस शेवटच्या क्षणी बाजूला उडाला. पटका काचेला घासून गेला. मागं कुणीतरी ओरडत धावत होतं, ते इंजिनाच्या आवाजात लवकरच बुडालं.

"थांब," केरबा म्हणाला.

"न्हाई थांबत."

"थांब म्हणतो. रगात हुतं."

"तुझीच माणसं हायत ती. मला खुळा समजतोस? सकाळधरनं हात बोचक्यात घालून बसलायस."

केरबानं बोचक्यातून हात बाहेर काढला. त्याच्या मुठीत विळा होता, नवा, पात्याला पाणी दिलेला. जैनुद्दीन दाराकडं सरकला. केरबानं विळा खिडकीतून बाहेर धरला आणि सोडून दिला. तो उसाच्या पाचटात पडला, आवाजसुद्धा झाला नाही.

"त्यो तुझ्यासाठीच हुता," केरबा म्हणाला. "ठाण्याकडं वळलास तर. वाडीनं तसं ठरवूनच मला धाडलं. खोटं कशाला बोलू. पन ती माणसं माझी न्हवंत. म्या त्यास्नी जल्मात बघितलं न्हाई. त्या बाईचं लुगडं कमरंपतुर रगतानं भिजलं हुतं, आन् तुझ्या गाडीवर फुली हाय."

गाडी थांबली तेव्हा ते तिथून अर्धा मैल तरी पुढं आले होते. रस्ता अरुंद, दोन्हीकडं चर. वळवायला जागा नव्हती. जैनुद्दीननं दार उघडलं, एक पाय फुटबोर्डावर ठेवून अर्धं अंग बाहेर काढलं आणि गाडी उलटी घेतली. असं त्यानं डोंगरात पुष्कळदा केलं होतं, दरी शेजारी असताना. तो सगळा अर्धा मैल तो मागं बघत आला आणि त्याला वाटत राहिलं की अजूनही हा डाव असू शकेल. वाटत होतं तरी तो येत राहिला.

डाव नव्हता. बाईचं नाव अंबूबाई. तिशीची. चरकात ऊस लावताना उजवा हात कांडक्यांबरोबर आत गेला होता, बैल थांबवून चाक उलटं फिरवेपर्यंत कोपराच्या खाली काही शाबूत राहिलं नव्हतं. पटका हालवणारा तिचा नवरा, हरिबा. त्याच्या ओठांना कोरड पडली होती. गाडी परत आली तेव्हा त्यानं जैनुद्दीनला शिवीसुद्धा दिली नाही.

पुढचं जैनुद्दीनच्या हातांनी केलं. घोंगडी काढली, केरबाच्या डोक्याचा पटका मागून घेतला, फाडला, दंडाला आवळला, लाकडाचा तुकडा घालून पिळला. बाईला आपल्या गादीवर निजवली.

"हात असा वर धरायचा," त्यानं केरबाला सांगितलं. "खाली येऊ द्यायचा न्हाई. मी हाक मारीन तवा ही गाठ जरा सैल करायची, दहा आकडं मोजायचं, परत आवळायची. तिला झोपू द्यायचं न्हाई. बोलत ऱ्हायचं."

"काय बोलू?"

"काय बी."

हरिबा पुढं बसला. त्याच्या हातांना गुळाचा पाक वाळून चिकटला होता, आणि तो एकसारखा नखांनी खरवडत होता. मागून केरबाचा आवाज येत होता. तो बाईला आपल्या कुस्त्या सांगत होता, एकेक, कुठल्या जत्रेत कुणाला कसा पाडला. मधूनच बाई कण्हायची. मधूनच काही ऐकू यायचं नाही, आणि तेव्हा जैनुद्दीन मागं कान द्यायचा, पण लगेच केरबा म्हणायचा, "ऐकतीस न्हवं, अक्का? मग त्यो काय करतोय, माझा पट काढतोय," आणि बाई हं म्हणायची.

सांगलीच्या जकात नाक्यावर शिपायानं आडकाठी खाली टाकली, मागचं दार उघडलं, आत बघितलं आणि काही न विचारता आडकाठी वर केली. पुलावरून गाडी गेली तेव्हा खाली कृष्णेत संध्याकाळचं पिवळं ऊन पडलं होतं. खणभागाचा फाटा आला. गल्लीच्या तोंडाशी त्याचा शेजारी बादशहा उभा होता, त्यानं हात केला. जैनुद्दीननं हॉर्न वाजवला आणि मिरजेच्या रस्त्याला लागला.

मिरजेच्या दवाखान्यात बाईला आत नेली. दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. हात कोपरापासून काढावा लागला होता, पण बाई जगेल, म्हणाले. हरिबा भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला.

जैनुद्दीन डॉक्टरांच्या मागोमाग गेला. "साहेब, वाटंत वीस मिनिटं गेली. माझ्यामुळं. ती गेली नसती तर हात राहिला असता का?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं. "हात चरकात गेला तेव्हाच गेला," ते म्हणाले. "दंड बांधला म्हणून माणूस राहिलं."

डॉक्टर खरं बोलले की आपलं मन राखायला बोलले, हे जैनुद्दीनला त्यांच्या तोंडावरून काढता आलं नाही.

केरबा बाहेर नळावर हात धूत होता. बोडका, शर्ट छातीपर्यंत लाल. पाणी लाल यायचं थांबलं तरी तो धूतच होता.

"आता?" जैनुद्दीननं विचारलं.

"हितनं कऱ्हाडाला सकाळची सर्व्हिस हाय. हितंच पडतो, हरिबाजवळ. त्याला सोबत होईल."

"वाडीला काय सांगणार?"

केरबानं धोतराच्या सोग्याला हात पुसले. "सांगतो, रिकामा माणूस हाय. काय कामाचा न्हाई." मग म्हणाला, "आन् आमचा नानासो इचारंल, खात्री हाय का. त्याला म्हणीन, न्हाई. खात्री कुणाची बी देता येत न्हाई. पन पुना नदीवर थांबला तर थांबू द्या म्हणीन."

घरी पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. खातूनबी उंबऱ्यात उभी होती. बादशहानं तिला आधीच सांगितलं होतं, की तुमचा मालक घरावरून गाडी दामटत मिरजेकडं गेला, शेजारी कुणी भलताच माणूस होता. तिनं त्याला पाणी दिलं. तो हातपाय धुईपर्यंत ती कंदील घेऊन गाडीत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आली तेव्हा तिच्या तळहातावर हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते.

"अकेलेच थे ना?" तिनं विचारलं. ती घरी दखनीत बोलायची, आणि जपून बोलायची.

त्यानं तिला सगळं सांगितलं. पायांच्या ठशांपासून सांगितलं. मग डोंगरातल्या रस्त्याचं सांगितलं, फळ्यांवरच्या माणसांचं, हाकांचं. चार वर्षांत त्यानं तिला चाळीस पत्रं पाठवली होती आणि त्यातल्या एकातही हे नव्हतं. ती ऐकत होती. पण तुकडे तिनं टाकले नाहीत, कोनाड्यात ठेवले. सकाळी उठून तिनं तांदळाची पेज केली, डब्यात भरली, बुरखा घातला आणि म्हणाली, मीही येते दवाखान्यात. पेज द्यायची होती की बाई खरंच आहे का ते बघायचं होतं, हे जैनुद्दीननं विचारलं नाही. दोन्ही असेल.

अंबूबाई जागी होती. चेहरा पांढराफटक, ओठ फुटलेले. दंडाला मोठं बांधलेलं. हरिबानं ओळख करून दिली. "गाडीवालं."

खातूनबी कॉटच्या कडेला बसली आणि चमच्यानं पेज पाजायला लागली. जैनुद्दीन पायाशी उभा राहिला. रात्रभर त्यानं काय म्हणायचं ते ठरवलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "काल मी आधी फुडं गेलो. तुमास्नी बघून बी गेलो. मला वाटलं, लुटणारी माणसं हायत. चूक झाली माझी."

हरिबा खाली बघत राहिला. त्याला ते ठाऊक होतंच.

अंबूबाईनं घोट गिळला. "म्या बघितलं हुतं तुमास्नी जाताना," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता, जैनुद्दीनला वाकावं लागलं. "मला बरं वाटलं."

"बरं?"

"म्या ह्यास्नी सांगत हुते, ती गाडी थांबवू नगा. तसल्याच बंद गाडीतनं माझ्या भावाला नेला पोलिसांनी. पडदा लावलेला. बैलगाडीनं न्या म्हनलं, मेले तर मेले. ह्यांनी ऐकलं न्हाई. तुमी उलटं उलटं याय लागला तवा तर मी पळूनच जानार हुते. उठता आलं न्हाई."

खातूनबीनं पुढचा चमचा भरला होता, तो हातातच राहिला. मग तिनं तो अंबूबाईच्या तोंडाशी नेला.

"अजून भ्या वाटतं का गाडीचं?" जैनुद्दीननं विचारलं.

"वाटतं," अंबूबाई म्हणाली. "पन तो पैलवान लय बोलतो. त्यो कुठं गेला?"

"सकाळी कऱ्हाडाला गेला," हरिबा म्हणाला.

"त्येची येक कुस्ती ऱ्हायली सांगायची. औंधाच्या जत्रंतली. सांगता सांगताच दवाखाना आला."

तीन आठवड्यांनी तिला घरी सोडलं. जैनुद्दीन गाडी घेऊन मिरजेला गेला. खिडकीचा पडदा त्यानं आधीच काढून टाकला होता. हरिबा मागं बसला आणि अंबूबाई पुढं, जैनुद्दीनच्या शेजारी, कारण मागं बसायला ती कबूल झाली नाही. आष्ट्यापर्यंत ती बोलली नाही. आष्टा मागं पडल्यावर तिनं डाव्या हातानं दार घट्ट धरलं आणि म्हणाली, "जरा हळू घ्या. हितनं आमचा ऊस लागतो."

त्यानं गाडी हळू घेतली.